तेहानू : अर्थसी मालिकेतलं चौथं पुस्तक तुम्हाला कसं वाटलं?

अबोली_के

उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेवर इथे आधी बोलणं झालंय, पण ते दर वेळी पहिल्या तीन पुस्तकांशी येऊन थांबतं. चौथ्याचं नाव निघालं की "ते वाचू नका, मजा गेली" असा एखादा प्रतिसाद येतो आणि विषय मिटतो. मला मात्र हेच पुस्तक मालिकेत सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून त्याच्यासाठी हा वेगळा धागा. कथानक उघड होणार आहे. ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी वाचून मग यावं.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिलं पुस्तक १९६८ चं, दुसरं १९७१ चं, तिसरं १९७२ चं. गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड मोठेपणी रोक बेटावरच्या जादूगारांचा प्रमुख होतो. मधल्या पुस्तकात तेनार येते. लहानपणीच घरातून उचलून अटुआनच्या थडग्यांची पुजारीण केलेली ही मुलगी गेडला मारायचं सोडून त्याच्यासोबत बाहेर पडते. तिसऱ्यात मृतांच्या देशाचं उघडं पडलेलं दार बंद करताना गेड आपली सगळी शक्ती खर्चून बसतो. कालेसिन नावाचा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन घराकडे उडतो आणि मालिका संपते. निदान वाचकांनी तसं धरलं होतं. 'तेहानू' आलं १९९० साली, अठरा वर्षांनी.

आणि सुरुवात कुठे होते? एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरात. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी मनगटात एरेथ-अक्बेचं कडं घालून हॅवनरच्या रस्त्यांवरून बर्फातून चाललेली तेनार आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. गेडचा गुरू ओगियन याने तिला शिकवायला घेतलं होतं, ते सोडून तिने फ्लिंट नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा जहाजावर. गावात तिला गोहा म्हणतात. एक दिवस तिची मैत्रीण लार्क धावत येते, कारण भटक्या लोकांच्या तळावर एक लहान मुलगी सापडलीय. तिच्यावर अत्याचार करून तिला विस्तवात ढकललंय. अर्धा चेहरा जळालाय, एक डोळा गेलाय, एका हाताचा नुसता पंजा उरलाय. तेनार तिला घरी आणते, थेरू म्हणते. पुढचं सगळं पुस्तक या दोघींचं आहे. गेड येतो, पण येतो तो ड्रॅगनच्या पाठीवर अर्धमेल्या अवस्थेत, आणि नंतर त्याच्याने साधा मंत्रही होत नाही.

पहिली तीन पुस्तकं सारखी सांगत असतात की शक्तीची किंमत मोजावी लागते. ती मोजून झाल्यावर त्या माणसाने उरलेले दिवस कसे काढायचे, आणि ज्यांच्या हाती शक्ती कधी नव्हतीच ते इतके दिवस कसे जगत होते, हे प्रश्न मात्र तिथे तसेच राहतात. चौथं पुस्तक त्या दोन प्रश्नांसाठी लिहिलंय. ते न वाचता "मालिका वाचली" म्हणता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमचं सांगा. आवडलं नसेल तर का नाही, तेही जरा सविस्तर लिहा.

दर्यासारंग

सविस्तर लिहितो, कारण हे पुस्तक मला खरोखर लागलं होतं.

अर्थसी म्हणजे माझ्यासाठी समुद्र. शेकडो बेटं, त्यांच्यामधली सामुद्रधुनी, गेडची ती 'लुकफार' होडी, शिडात मंत्राने भरलेला वारा. पहिल्या पुस्तकात तो आपल्या सावलीचा पाठलाग करत पूर्वेला जातो, तिथे जमीन संपते आणि नुसतं पाणी उरतं. तिसऱ्यात तरुण राजपुत्र आरेनला घेऊन तो दक्षिणेला, मग पश्चिमेच्या टोकाला सेलिडोरपर्यंत जातो. मी पाठ्यपुस्तकातला नकाशा पाहिला नसेल इतका अर्थसीचा नकाशा पाहिलाय. चौथ्यात काय? एक डोंगरउताराचं गाव, एक शेत, एक बंदर. जहाजाचा प्रवास आहे, पण तो गॉन्टच्याच एका बंदरातून दुसऱ्यापर्यंत.

आणि गेड. ज्याने पेंडॉरच्या ड्रॅगनला नावाने बांधलं, तो इथे राजाची माणसं आली की लपून बसतो. पानामागून पान तो नुसता खचलेला आहे. मला मान्य आहे की शक्ती गेली तर माणूस खचणार. पण तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी रोकचा द्वारपाल हसून म्हणतो की त्याचं करणं संपलं, तो घरी चाललाय. इतका सुंदर निरोप मी कुठे वाचलेला नाही. तो निरोप या पुस्तकाने मोडला.

जुईचा_वेल

अबोली, धागा काढलास ते फार बरं केलंस.

मला सांगायचंय ते स्पार्कच्या ताटाबद्दल. तेनारचा मुलगा बऱ्याच वर्षांनी जहाजावरून परततो. आल्या दिवसापासून घर त्याचं, कारण गॉन्टच्या रीतीने बापाचं शेत मुलाकडे जातं. विधवा आईचा तिथे हक्क असा नाहीच. जेवण होतं. गेड मोरीपाशी भांडी घासतोय. तेनार मुलाला म्हणते, तुझं ताट तेवढं इकडे आण. तो म्हणतो, ते बायकांचं काम. ती म्हणते, या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं ते काम. तो म्हणतो, माझं नाही, आणि बाहेर निघून जातो.

एवढाच प्रसंग. कुणी हात उगारत नाही, कुणी शाप देत नाही. पण ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, इतका राग आला. कारण हे संभाषण मी ऐकलेलं आहे, जवळजवळ शब्द न शब्द, आणि एका घरात नव्हे. जगाचा समतोल सांभाळणारा माणूस भांडी घासतोय त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही, आणि ज्याने आयुष्यात काही सांभाळलेलं नाही त्याला ताट उचलण्यात कमीपणा वाटतो. आणि तेनारचं लगेच मनात येतं की याला असं आपणच होऊ दिलं. दरवेळी बाईच्याच मनात हे का येतं, हा प्रश्न लेखिका विचारत नाही. तो प्रसंगच विचारतो.

दर्यासारंग, हे तुम्हाला साहस वाटणार नाही. पण ज्या घरात रात्री तीन माणसं कडी तोडायला येतात आणि आत एक बाई हातात सुरी घेऊन जळालेल्या पोरीला पाठीशी घालते, ते मला ड्रॅगनच्या लढाईइतकंच भयंकर वाटलं.

अबोली_के

दर्यासारंग, मनापासून लिहिलंत त्याबद्दल आभार. दोन गोष्टी सांगते.

निरोपाबद्दल. तिसऱ्या पुस्तकाचा शेवट पुन्हा काढून बघा. द्वारपालाच्या वाक्यानंतरही थोडा मजकूर आहे. तिथे लेखिका सांगते की गेडचं पुढे काय झालं याच्या दोन कथा आहेत. गाण्यातली कथा म्हणते की तो राज्याभिषेकाला आला आणि मग एकटाच होडीतून पश्चिमेला निघून गेला. गॉन्टचे लोक मात्र म्हणतात की राजाच त्याला शोधत गॉन्टला आला होता, पण तो सापडला नाही, डोंगरातल्या रानात पायी निघून गेला होता. १९७२ मध्ये दोन्ही दारं उघडी ठेवली होती. १९९० मध्ये तिने गाण्यातलं सोडून गावातलं दार निवडलं. निरोप मोडला असं मला वाटत नाही.

आणि शेळ्या. पहिल्या पुस्तकात गेड टेन आल्डर्स गावात शेळ्या राखतो. त्याचा आयुष्यातला पहिला मंत्र शेळ्या बोलवायचा, तो त्याने मावशीकडून उचललेला, म्हणजे गावच्या चेटकिणीकडून. पुढे लेखिका त्या मावशीला तिथेच सोडून देते. गॉन्टवर म्हण आहे की बायकांची जादू म्हणजे दुबळी, आणि बायकांची जादू म्हणजे दुष्ट. पहिल्या पुस्तकात ही म्हण येते तेव्हा तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. चौथ्यात गेड पुन्हा डोंगरावर शेळ्या राखायला जातो. शक्ती नसलेला, पन्नाशीकडे झुकलेला, शेळ्यांबरोबर. ते वर्तुळ लेखिकेने नकळत काढलं असेल असं मला वाटत नाही.

मेघदूत_४२

मी मधल्या बाजूचा. पुस्तक ताकदीचं आहे, पण त्यात दोन ठिकाणी मला लेखिकेचा हात दिसतो, आणि तो दिसू नये अशी माझी अपेक्षा असते.

पहिलं म्हणजे ब्रह्मचर्य. पहिल्या तीन पुस्तकांत जादूगारांना बायका नसतात हे दिसतं, पण का ते कुठे सांगितलेलं नाही. चौथ्यात अचानक कळतं की जादूगार मंत्राने स्वतःला त्या वाटेपासून तोडून घेतात, आणि गेडला इतक्या वर्षांत बाईचा स्पर्श माहीत नाही. जग आधीपासून तसं होतं असं म्हणायचं असेल तर त्याची पेरणी आधी हवी. ही नंतर टाकलेली भर आहे आणि तिचा सांधा दिसतो.

दुसरं, अ‍ॅस्पेन. गॉन्टवरच्या री अल्बी गावच्या जहागीरदाराचा हा जादूगार बायकांचा द्वेष करतो. बस्स. त्याला दुसरी बाजूच नाही. पहिल्या पुस्तकात शत्रू म्हणजे गेडची स्वतःची सावली होती. दुसऱ्यात अंधारातल्या त्या निनावी शक्तींनाही एक भीषण भारदस्तपणा होता. तिसऱ्यातला कॉब हा मरणाला घाबरलेला माणूस होता, त्याची कीव येत होती. अ‍ॅस्पेनची कीवही येत नाही आणि भीतीही फार वाटत नाही. किळस तेवढी येते. शेवटच्या प्रकरणात तो तेनारला कुत्र्यासारखी रांगायला लावतो ते वाचवत नाही, मान्य. पण तो कोण आहे हे मला पुस्तक संपेपर्यंत कळलं नाही. आणि मग ड्रॅगन येतो आणि दोन श्वासांत सगळं जाळून मोकळा होतो. इतकं संथ, इतकं बारकाईने विणलेलं पुस्तक असं घाईत का संपावं?

रानवाट

मेघदूत, अ‍ॅस्पेनबद्दल मी तुमच्याशी सहमत. तो उथळच आहे.

ड्रॅगनबद्दल नाही. ड्रॅगन येणार हे पुस्तक सुरुवातीपासून सांगत असतं. तेनार थेरूला केमेच्या बाईची गोष्ट सांगते. ओगियन तरुणपणी एका म्हाताऱ्या कोळिणीच्या दारात गेला, आणि दार उघडताच क्षणभर त्याला बाईच्या जागी ड्रॅगन दिसला. त्या बाईनेच त्याला सांगितलं की माणसं आणि ड्रॅगन आधी एकच जात होती. नंतर काहींनी रान आणि वारा निवडला, काहींनी घरं आणि वस्तू.

आणि पुढे तो विणकराकडचा पंखा. री अल्बीतला म्हातारा विणकर तेनारला एक जुना रंगवलेला पंखा दाखवतो. एका बाजूला हॅवनर शहरातली माणसं, उंची कपड्यांतले स्त्री-पुरुष. उलटला की मागे ड्रॅगन. मग तो पंखा उजेडासमोर धरतो आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात, माणसांना पंख फुटतात, ड्रॅगन माणसांच्या डोळ्यांनी बघायला लागतात. मी ते पान वाचून परत वाचलं. अख्ख्या पुस्तकाचं गुपित तिथे, एका विणकराच्या झोपडीत, कुठलाही गाजावाजा न करता ठेवलेलं आहे. त्यानंतर थेरू कड्यावर उभी राहून न शिकलेल्या भाषेत कालेसिनला हाक मारते तेव्हा मला ते उपटसुंभ वाटलं नाही. आता आलाच पाहिजे तो, असं वाटलं.

घाई आहे, हे खरं. पण ड्रॅगनला घाईच शोभते.

आबा_लोको

मी इथे सहसा फक्त वाचतो. पुस्तक नातीने दिलं म्हणून वाचलं, आधीची तीनही तिच्याकडूनच.

दर्यासारंग म्हणतात की गेड पानामागून पान खचलेला आहे. मला तो भाग सगळ्यात खरा वाटला. मी रेल्वेत गाडी चालवली, तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत. निवृत्तीनंतर कित्येक महिने मी जुन्या सहकाऱ्यांचे फोन घेत नव्हतो. त्यांनी काही वाईट केलेलं नव्हतं, उलट फार मान द्यायचे. तोच मान नको वाटायचा. समारंभाला बोलावलं की काहीतरी कारण सांगायचो. घरच्यांना वाटायचं, तब्येत बिघडली की काय.

राजा लेबानेन (तिसऱ्या पुस्तकातला आरेन) गेडला मानाने न्यायला माणसं पाठवतो आणि गेड लपतो. तेनारलाही आधी ते कळत नाही, ती थोडी चिडते. ज्याला मान मिळत होता तो माणूस आता शिल्लक नाही, आणि लोक त्याच माणसाला भेटायला येतायत, मग समोर कोण जाणार? हे लिहायला लेखिकेला कुठून सुचलं मला माहीत नाही, पण सुचलं ते अगदी बरोबर. आणि तो बरा कशाने होतो, तर कामाने. शेळ्या, शेत, भांडी. कुणी त्याला उपदेश करत नाही.

दर्यासारंग

आबा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. यावर मला वाद घालायचा नाही. गेडच्या त्या प्रकरणांकडे मी असं पाहिलं नव्हतं.

समुद्राचं दुःख मात्र राहणार. अबोली म्हणते की लेखिकेने गाण्यातलं सोडून गावातलं दार निवडलं. मला गाण्यातला गेड हवा होता. ते माझं मागणं चुकीचं आहे असं मला अजूनही वाटत नाही. लेखिकेने काय लिहावं हा तिचा अधिकार, आणि मी कशासाठी परत परत त्या जगात जातो हा माझा.

निशिगंधा

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पहिली तीन तिने सुट्टीत झपाटल्यासारखी वाचली, आता चौथं मागतेय. ग्रंथालयात चारही एकाच कपाटात, मुलांच्या विभागात आहेत. द्यावं का? वर जे लिहिलंय ते वाचून मला भीती वाटतेय.

चैत्रपालवी

निशिगंधा, माझं काम लहान मुलांच्या समुपदेशनाचं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी तुम्ही स्वतः वाचा. थेरूवर काय झालं हे लेखिका चवीने सांगत नाही, तपशील फार थोडे आहेत, पण जेवढे आहेत ते स्पष्ट आहेत आणि पहिल्याच प्रकरणात आहेत. शिवाय पुढे तिच्यावर अत्याचार करणाऱ्यांपैकी हँडी नावाचा माणूस पुन्हा पुन्हा समोर येत राहतो, रस्त्यात, गावात, आणि थेरू त्याला पाहून थिजते. मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो. बारा वर्षांची काही मुलं हे पेलतात, काहींना आणखी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. तिला देणार असाल तर बरोबर वाचा आणि ती थांबेल तिथे तुम्हीही थांबा.

आता पुस्तकाबद्दल माझं मत. अशा मुलांच्या गोष्टी लिहिताना लेखक दोनपैकी एक करतात, एक तर मूल चमत्काराने बरं करतात, नाही तर त्याला नुसतं दयेचं पात्र करून ठेवतात. इथे जादूने भरलेलं जग आहे. ओगियन आहे, व्हालमाउथचा जादूगार बीच आहे, मॉस चेटकीण आहे, आणि एकाकडूनही थेरूचा चेहरा बरा होत नाही. लेखिका तो मोह टाळते. मग तेनार काय करते? तिला लाल कापडाचे कपडे शिवते. गोष्टी सांगते. सूत कातायला शिकवते. ती घाबरली की कशाला घाबरलीस असं विचारत नाही, जवळ बसते. आणि तेनारकडूनही चुका होतात. कधी कधी लोकांच्या नजरांना भिऊन ती पोरीला लपवायला बघते, आणि ते थेरूला कळतं. अशा मुलांबरोबर काम करणारी मोठी माणसं हे सगळं ओळखतील.

ओगियन मरताना तेनारला सांगतो की हिला शिकव, सगळं शिकव, पण रोकमध्ये नाही. हिला लोक भितील, असंही तो म्हणतो. कुठल्याही जखमी मुलाभोवती हेच होतं. लोकांना दया येते आणि भीतीही वाटते, आणि भीती दयेच्या मागे लपते. मी हे पुस्तक माझ्या काही सहकाऱ्यांना वाचायला दिलंय.

जुईचा_वेल

चैत्रपालवी, लाल कपड्यांचं आठवण करून दिलंत, छान वाटलं.

ओगियनच्या मृत्यूनंतरचा प्रसंग कुणी काढला नाही अजून. दोन जादूगार येतात, एक हाच अ‍ॅस्पेन आणि दुसरा गॉन्ट बंदराचा. प्रेत कुठे न्यायचं यावर त्यांची हुज्जत चालू असते. अर्थसीत माणसाचं खरं नाव मरताना उघड होतं, आणि ओगियनने आपलं नाव तेनारला सांगितलेलं असतं, ऐहाल. ती ते मोठ्याने सांगते. आणि ते दोघं ऐकतच नाहीत. मुद्दाम दुर्लक्ष करतात असं नाही, त्यांच्या कानावर ते पडलेलंच नसतं, कारण बोलणारी एक म्हातारी होत चाललेली शेतकरीण आहे. ज्या जगात नाव म्हणजेच सगळी शक्ती, तिथे महान जादूगाराचं नाव दोन जादूगारांना ऐकू येत नाही. तिला पुन्हा, सुनावून सांगावं लागतं.

मेघदूत, तुम्ही सांधा दिसतो म्हणालात ना, इथे मला उलट वाटलं. पहिल्या तीन पुस्तकांत नाव आणि शक्ती यांचा जो नियम बांधलाय तोच नियम वापरून लेखिकेने ही गोष्ट सांगितलीय. नियम बदललेला नाही. तो कुणाला ऐकू येतो आणि कुणाला नाही, एवढंच दाखवलंय.

मेघदूत_४२

जुई, हे पटलं. त्या प्रसंगाला माझा काहीच आक्षेप नाही. तसाच जहाजावरचा. रोकचे गुरू नवा प्रमुख शोधतायत, त्यांच्यापैकी एकाला दिसलंय फक्त 'गॉन्टवरची बाई'. आणि त्यातून अर्थ काय काढतात, तर ही बाई कुणा पुरुषाची आई किंवा बहीण असेल, ती आपल्याला त्याच्यापर्यंत नेईल. तेनारसमोर बसून वाऱ्याचा गुरू हे सगळं सांगतो आणि त्याच्या मनात दुसरी शक्यता शिवतसुद्धा नाही. तो माणूस वाईट नाही, सभ्य आहे, तरी असा. तो गुरू मला अ‍ॅस्पेनपेक्षा हजारपट खरा वाटतो. अख्खं पुस्तक त्या सभ्य आंधळेपणावर असतं तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. ब्रह्मचर्याचा आक्षेप मात्र कायम.

कुणी जिब्ली या जपानी स्टुडिओचा अर्थसीवरचा चित्रपट पाहिलाय का? गोरो मियाझाकीचा, २००६ चा. त्यात थेरू आहे असं ऐकलं.

रानवाट

पाहिलाय. थेरू आहे, पण तिथे ती मोठी मुलगी आहे आणि आरेनची सोबतीण. तिसरं आणि चौथं पुस्तक एकत्र कालवलंय. चित्रं देखणी आहेत, पण पुस्तक मनात ठेवून बसू नका. ले ग्विनबाईंनी स्वतःही त्यावर नाराजी नोंदवली होती. २००४ मध्ये अमेरिकन वाहिनीने मालिका केली होती तिच्याबद्दल तर त्या फारच संतापल्या होत्या, कारण पुस्तकातला गेड तांबूस-सावळा आहे, अर्थसीतले बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत, आणि पडद्यावर त्याला गोरा करून टाकलं. पहिल्या पुस्तकापासून त्यांनी हे विचारपूर्वक ठरवलेलं होतं. गोरे लोक आहेत ते कार्गिश, तेनारच्या देशाचे. म्हणजे गॉन्टवर तेनारच परकी, पांढऱ्या कातडीची. 'तेहानू' वाचताना हे विसरलं की बरंच निसटतं. गावकरी तिला कधीच पूर्ण आपली मानत नाहीत.

अबोली_के

रानवाट, हा मुद्दा मला हवाच होता, धन्यवाद. ती तिथे नांदली, मुलं वाढवली, शेत राखलं, आणि तरी परकीच.

दर्यासारंग, तुमच्या शेवटच्या वाक्याचा मान ठेवून एक विनंती. 'तेहानू' हे शेवटचं पुस्तक नाही. पहिल्या आवृत्तीवर तसं उपशीर्षक होतं, 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक'. नंतर २००१ मध्ये दोन पुस्तकं आली, 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही कादंबरी. कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लेखिका म्हणते की 'शेवटचं' असं म्हणणं हा वेडेपणा होता, गोष्ट 'आत्ता'पर्यंत येऊन पोचली असं तिला वाटलं होतं, पण 'आत्ता' जागचा हलत असतो. 'द अदर विंड'ला २००२ चं वर्ल्ड फॅन्टसी पारितोषिक मिळालं. 'तेहानू'ला १९९० चं नेब्यूला पारितोषिक मिळालेलंच होतं, तेही इथे नमूद करते, कारण "फसलेलं पुस्तक" हा शब्द इथे सर्रास वापरला जातो.

त्या दोन्हींत तुमचा समुद्र परत येतो. जहाजं आहेत, हॅवनर आहे, रोक आहे. गेड मात्र री अल्बीतच राहतो, घर सांभाळतो, बाग बघतो. तो पुन्हा जादूगार होत नाही. लेखिका त्या निर्णयावरून हटली नाही.

निशिगंधा

चैत्रपालवी, तुमचा सल्ला मानते, आधी मीच वाचते. पुढची दोन कुठल्या क्रमाने वाचायची? ग्रंथालयात 'द अदर विंड' आहे, कथासंग्रह दिसला नाही.

रानवाट

कथासंग्रह मिळेपर्यंत थांबा. त्यातली शेवटची कथा 'ड्रॅगनफ्लाय' ही 'तेहानू' आणि 'द अदर विंड' यांच्यामधला पूल आहे. एक मुलगी रोकच्या दारात येऊन उभी राहते आणि आत घ्या म्हणते. आत ज्या गुरूंमध्ये भांडण पेटतं त्यांतले काहीजण कादंबरीत पुन्हा भेटतात. ती न वाचता कादंबरी घेतलीत तर अर्ध्या संदर्भांना अडखळाल. पहिली कथा 'द फाइंडर' लांबलचक आहे, तीही सोडू नका. रोकची शाळा सुरू कशी झाली आणि ती उभारण्यात बायकांचा वाटा किती होता हे तिच्यात आहे. मेघदूत, तुमच्या ब्रह्मचर्याच्या आक्षेपालाही तिथे थोडं उत्तर मिळेल. पुरेसं वाटतं का ते वाचून सांगा.

मेघदूत_४२

आणतो. 'द अदर विंड'साठी वेगळा धागा काढा पण, इथे मिसळलं तर ज्यांनी वाचलं नाही त्यांची पंचाईत होईल.

अबोली_के

काढते. निशिगंधाताईंचं 'तेहानू' वाचून होऊ दे, मग पुढच्या दोन पुस्तकांवर बोलू. तोवर इथे मॉस चेटकिणीबद्दल कुणी लिहिलं तर फार आवडेल. तिच्यावर अजून एकही प्रतिसाद नाही, आणि पुस्तकातला सगळ्यात मोकळा आवाज तिचाच आहे.